‘उमराव जान अदा’ आणि आमच्याकडचे सत्तावन

भामरागडला पावसाळ्यात अडकलेल्या माणसाला पुस्तकाची सोबत मोठी. पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की रस्ता बंद. एकदा अशाच चार दिवसांत मिर्झा हादी रुस्वा यांची 1899 सालची ‘उमराव जान अदा’ आम्ही पुन्हा वाचून काढली. मुजफ्फर अलींच्या 1981च्या चित्रपटामुळे ही कादंबरी म्हणजे गजल आणि मुजरा, असा आपल्याकडे समज आहे. पण उमरावची परवड सुरू होते ती एका साक्षीपासून.

फैजाबादेत बहू बेगमच्या मकबऱ्यावर एक जमादार नोकरीला होता. कुरआन शरीफ हाती देऊन विचारले गेले, तेव्हा शेजारच्या दिलावर खानाविषयी त्याने खरे तेच सांगितले. दिलावर कैदेत गेला आणि सुटून आल्यावर सूड म्हणून त्याने जमादाराची लहानगी अमीरन पळवली. लखनौला खानमच्या कोठ्यावर ती 125 रुपयांना विकली गेली. बापाच्या खऱ्या बोलण्याची किंमत लेकीने मोजली. ‘नेहमी खरे बोलावे’ असे मुलांना शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातून हे पान लवकर उलटत नाही.

खानम मुलगी विकत घेते आणि गुनाह विकणाऱ्याच्या माथी टाकून मोकळी होते. त्याच घरात बुवा हुसैनी त्या पोरीला माया लावते, मौलवीसाहेब तिला लिहा-वाचायला शिकवतात. कोठ्यावरची तालीम वाईट म्हणावी, तर तिच्यातूनच उमराव शायरा झाली. रुस्वा निवाडा देत नाहीत.

सत्तावनच्या धामधुमीत लखनौ सुटते आणि उमराव फैजाबादला येते. मुजरा ठरतो तो नेमका तिच्या जन्मघरासमोर, चिंचेच्या झाडाखाली. आई भेटते, मायलेकी रडतात. मग भाऊ सुरी घेऊन येतो; पण त्याच्याने वार होत नाही. अब्रू आणि बहीण, दोन्ही त्याचीच.

सत्तावन आमच्या मुलखातही पोहोचले होते. बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले एकत्र करून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला त्यांना फाशी झाली. त्यांना पकडून दिले अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने. आम्हीही वर्गात तिच्यासाठी ‘फितूर’ हा एकच शब्द वापरत आलो. इंग्रज अधिकारी क्रिक्टन याचा तिच्यावर दबाव होता, हे सांगायचे राहून जाई. दबावाने तिचा अपराध धुतला जात नाही, हेही खरे. मुलांनी विचारले, “सर, तिने काय करायला हवे होते?” तर आमच्याकडे उत्तर तयार नाही.

उमरावला रुस्वांनी पुस्तकभर बोलू दिले. लक्ष्मीबाईच्या तोंडचा एक शब्दही आमच्या वाचनात आलेला नाही.