बालाघाटाची नोंदवही आणि पेशींच्या पुटिका

बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे बालाघाटाच्या डोंगररांगेवरील चौफुल्याचे गाव असून धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. सोलापूरकडे जाणारा महामार्ग चौसाळा, पारगाव करीत येरमाळ्यास पोहोचतो आणि तेथून बार्शीचा फाटा फुटतो. या पट्ट्यातील कर्करोगाचा लिखित इतिहास सुरू झाला तो बार्शीत.

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक नव्या रुग्णाची मोजदाद, 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. खेड्यांतील आजाराविषयी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ केवळ अंदाजच बांधले जात होते. 1987 मध्ये बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातून देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. शहरात रुग्णालयांची कागदपत्रे चाळली की बहुतेक रुग्ण सापडतात, पण येथे रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसल्यामुळे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, आजाराची लक्षणे समजावून सांगू लागले आणि संशयित रुग्णांना तपासणीस पाठवू लागले. मोजणीच्या या कामातूनच लोकशिक्षण घडले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, ही या नोंदवहीची सर्वांत मोठी कमाई मानावी लागते.

त्याच नोंदवहीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण शहरांच्या तुलनेत कमी दिसते. त्याचे सारे श्रेय ज्वारीच्या भाकरीला देण्याची घाई करू नये, कारण आतड्याच्या आतील आजार दुर्बिणीशिवाय दिसत नाही आणि दुर्बीण खेड्यापासून दूर असते.

या आजाराच्या पेशी एकमेकींशी कसा संपर्क ठेवतात, याचा शोधही अशाच दुर्लक्षित गोष्टीतून लागला. पीटर वुल्फ यांनी 1967 मध्ये रक्तबिंबिकांपासून, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म कणांपासून, सुटणाऱ्या बारीक द्रव्याचे वर्णन केले तेव्हा त्यास ‘धूळ’ हेच नाव मिळाले. 1983 मध्ये मॉन्ट्रियल येथे रोझ जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी अभ्यासत होते. लोह आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर असणारे ग्राहक प्रथिन पेशी पक्व होताना नाहीसे होते, ते जाते कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि ते चिमुकल्या पिशव्यांत भरून बाहेर टाकले जाते, असे आढळले. सेंट लुईस येथील दुसऱ्या गटालाही त्याच वर्षी उंदरांच्या पेशींत हेच दिसले. 1987 मध्ये, म्हणजे बार्शीची नोंदवही उघडली त्याच वर्षी, या पिशव्यांना ‘एक्झोसोम’ हे नाव रूढ झाले. तरीही त्या पेशीचा केरकचरा होत, ही समजूत बरीच वर्षे टिकली.

2007 मध्ये या पिशव्यांतून आरएनए, म्हणजे जनुकांतील संदेश वाहणारे रेणू, दुसऱ्या पेशीत पोहोचतात आणि तेथे कामही करतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले, तेव्हा कचऱ्याचे टपाल झाले. पेशीबाह्य पुटिका हे अशा सर्व पिशव्यांचे एकत्रित नाव असून त्यांतील एक्झोसोम साधारण 30 ते 150 नॅनोमीटर व्यासाचे असतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केआरएएस या वाढ नियंत्रित करणाऱ्या जनुकातील बिघाड वारंवार आढळतो. असा बिघाड असलेल्या पेशी सदोष प्रथिन पुटिकांतून निरोगी केआरएएस असलेल्या शेजारी पेशींना पोहोचवतात आणि त्यांची वाढ वेगवान करतात, असे 2013 मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले. काही पुटिकांच्या पृष्ठभागावरील प्रथिने त्यांना यकृताकडे वळवितात व तेथे गाठ रुजण्यास अनुकूल जमीन तयार करतात, हे 2015 मधील संशोधन या आजारात विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तो बहुधा प्रथम यकृतातच पसरतो.

पुटिका रक्तातही उतरत असल्यामुळे त्यांवरून आजार ओळखण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते सिद्ध झाल्यास दुर्बिणीपासून दूर असलेल्या गावांना त्यांचा सर्वाधिक उपयोग होईल, परंतु अशी चाचणी अद्याप नित्याच्या वापरात आलेली नाही. तोपर्यंत शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याध समजून अंगावर काढू नये आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.