बाळाचं बोंडलं आणि दुधाचं पातेलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात आमच्या घरी नातीचं उष्टावण झालं. आठ दिवस आधीपासून घरात एकच चर्चा. बाळाला भरवायचं कशात? सूनबाईंनी मोबाइलवर दहा प्रकारचे कप पाहून ठेवले होते. झाकणाचे, नळीचे, दोन कानांचे, सांडले तरी न सांडणारे. नातीच्या मामानं गुजरीत जाऊन चांदीची वाटी आणि चमचा घेतला. आपल्या हुपरीची चांदी म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला आणखी काय सांगायचं! मी मात्र माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली आणि त्यातून दोन वस्तू खाली आणल्या. एक चांदीचं बोंडलं आणि एक पितळेचं पातेलं.

पंच्याऐंशीला टेकलेली माझी आत्या शेजारीच बसली होती. बोंडलं पाहून ती हसली. पातेलं पाहून मात्र गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अरं, ह्याच्यातच आई दूध तापवायची. तुझ्या बापाच्या पाठची दोन गेली, त्यांचं दूध ह्याच्यातच असायचं."

ती दोन भावंडं कशानं गेली, हे आमच्या घरात एका शब्दात सांगत असत. "लिव्हर झालं." आज मला त्या बोंडल्याची आणि त्या पातेल्याची गोष्ट सांगायची आहे.

आधी बोंडल्याची. आजच्या तरुण आईबापांनी ही वस्तू पाहिली नसण्याची शक्यता आहे. तळहातात मावेल एवढी, शंखासारखी उथळ वाटी आणि एका बाजूला निमुळती होत गेलेली पन्हळ. बाळाला मांडीवर तिरकं घ्यायचं, पन्हळ ओठाच्या कडेला लावायची आणि थेंब थेंब सोडायचा. सहाणेवर उगाळलेली गुटी बोंडल्यातून, वरचं दूध बोंडल्यातून, औषधही त्यातूनच. परिस्थितीप्रमाणे कुणाकडे चांदीचं, कुणाकडे पितळेचं. तमिळनाडूत याच जातीच्या वस्तूला 'पालाडै' म्हणतात, शेजारच्या कर्नाटकात 'ओळले'.

बाळासाठी चोचीचं भांडं करावं ही कल्पना फार जुनी आहे. जर्मनीतल्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या थडग्यांत मातीची चिमुकली, चोचीची भांडी सापडली आहेत. ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. २०१९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या मातीत मुरलेले स्निग्ध पदार्थ तपासले, तेव्हा त्यांत जनावराच्या दुधाचे अंश मिळाले. म्हणजे तिथल्या आयाही आपल्या पणजीसारख्याच वरचं दूध पाजत होत्या.

आता वेळेविषयी. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन, हा संस्कार आपल्या गृह्यसूत्रांत सांगितला आहे. सुश्रुतसंहिताही सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न द्यावं असं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर पूरक अन्न असा सल्ला दिला. उष्टावणाचा मुहूर्त आणि आजचं शास्त्र इथे हातात हात घालून उभे आहेत.

पण मंडळी, शास्त्रात एक आणि घरात दुसरं, असं नेहमीच होत आलं आहे. उष्टावण सहाव्या महिन्यात होई, पण वरचं दूध कित्येक घरांत त्याच्या फार आधी सुरू होई. "अंगावर पुरत नाही" असं कुणी तरी म्हणायचं आणि गोठ्यातल्या म्हशीचं किंवा गाईचं दूध बोंडल्यात यायचं. दुभत्याच्या घरात तर ही मायेची खूण. आपण कोल्हापूरकर गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध पिणारी माणसं. दुधानं कधी वाईट होईल, हे आपल्या मनाला शिवतच नाही.

हे दूध ठेवायचे कशात? तर पितळेच्या, क्वचित तांब्याच्या भांड्यात. स्टेनलेस स्टील घराघरांत पोहोचायच्या आधी बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्या घरात पितळेचंच राज्य होतं. सकाळी दूध तापवलं की त्याच पातेल्यात ते दिवसभर राहायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठेवायचं.

पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर कल्हई. कल्हईवाला गल्लीत आला की आम्ही पोरं त्याच्याभोवती जमत असू. जमिनीत छोटी भट्टी, हातानं फिरवायचा भाता. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायची. क्षणात पिवळं भांडं आतून चांदीसारखं! ती चकचकीत कथलाची पातळ साय म्हणजे अन्न आणि पितळ यांच्यामधला पडदा. ताकाच्या, आमटीच्या, चिंच पडणाऱ्या भांड्याला घरातल्या बायका आठवणीनं कल्हई करून घेत. दुधाच्या पातेल्याची तेवढी घाई नसे. दूध काही आंबट नव्हे आणि ते कळकलेलं दिसतही नसे. त्यामुळे कल्हई उडालेल्या पातेल्यातही ते निर्धास्त तापत राही.

आता त्या 'लिव्हर'कडे येऊ. सहा महिने ते चार-पाच वर्षं या वयातलं मूल. आधी किरकिरं होई, बारीक ताप येई, पोट पुढे येऊ लागे. वैद्य-डॉक्टरांनी हात लावला तर बरगडीखाली यकृताची कडक, धारदार कड लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. या रोगाचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८८७ साली कोलकात्यात झालं. पुढे जगभरच्या पुस्तकांत त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असं आपल्या देशाचंच नाव मिळालं. मद्रासच्या जम्मी कुटुंबाचं लिव्हरवरचं औषध देशभर प्रसिद्ध होतं, यावरून दुखणं किती घरांत होतं ते कळावं.

या रोगाच्या दोन गोष्टी डॉक्टरांना चक्रावून टाकत. एक म्हणजे तो एकाच घरात पुन्हा पुन्हा येई. एक मूल गेलं की पाठचंही जाई. त्यामुळे घराण्याचा दोष, कुणाचा तरी तळतळाट, आईच्या दुधातच खोट, असे नाना तर्क. त्याचा भार कुणावर पडत असेल हे वेगळं सांगायला नको. माझ्या आजीला लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना आत्याच्या त्या दिवशीच्या गप्प बसण्यावरून मला आली. दुसरी गोष्ट अशी की हा रोग अगदी दरिद्री घरांपेक्षा गावाकडच्या मध्यम, दुभतं बाळगणाऱ्या घरांत जास्त दिसे. उपासमारीच्या रोगासारखा हा वागत नव्हता.

पहिला धागा १९७८च्या सुमारास हाती आला. अशा मुलांच्या यकृताचा तुकडा विशिष्ट रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात तांब्याचा मोठा साठा असल्याचं दिसलं. आता प्रश्न असा की इतक्या लहान बाळाच्या पोटात तांबं आलं कुठून?

उत्तर शोधलं गेलं आपल्या पुण्यात. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केलं. त्यांनी आजारी मुलांच्या घरच्यांना एक साधा, स्वयंपाकघरातला प्रश्न विचारला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कशात तापवत, कशात ठेवत होता? निरोगी मुलांच्या घरीही हेच विचारलं. चित्र स्पष्ट झालं. आजारी मुलांना जनावराचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

पुढच्या प्रयोगांनी दुधाची लबाडीही उघड केली. दूध आंबट नसलं तरी त्यातलं केसिन हे प्रथिन पितळेतलं तांबं ओढून धरतं. दूध तापवून त्यातच ठेवलं की तांबं त्यात उतरत जातं. ना रंग बदलतो, ना चव सांगते. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. काही महिन्यांच्या बाळाच्या यकृताला ते काम नीट जमत नाही. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं. म्हणजे ज्या बाळाला नुसतं अंगावर पाजलं ते सुरक्षित होतं आणि ज्याच्यासाठी जास्त धावपळ केली, ज्याला घरचं दूध आवर्जून पाजलं, त्याच्याच यकृतात विष साठत होतं. पितळेचं दूध प्यायलेली सगळी मुलं काही आजारी पडली नाहीत. काहींचं शरीर जात्याच तांब्यापुढे नाजूक असावं, असं अभ्यासकांचं मत आहे. एका घरातली भावंडं का जात, याचं उत्तर यात सापडतं. रक्त एक आणि पातेलंही एक!

मग उपाय तर अगदी सोपा निघाला. पहिले महिने आईचं दूध आणि नंतर दुधाला पितळेचं भांडं नाही. शरीरातलं तांबं काढणारं पेनिसिलामाइन हे औषध वेळेवर सुरू केल्यास काही मुलं वाचतात, हेही याच गटानं दाखवलं. तोवर घरोघरी स्टीलची, ॲल्युमिनियमची भांडी आलीच होती. पाहता पाहता हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांना तो बहुतेक पुस्तकातच भेटतो.

हे दुखणं फक्त आपलंच होतं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही शेतकऱ्यांची घरं, गाईचं दूध आणि बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी. भांडी बदलली आणि रोग संपला.

पितळ गेलं, पण म्हणून बाळाचा मार्ग मोकळा झाला असं नाही. त्याच्या आधीच बाटली येऊन बसली होती. मुंबईत १९२४ साली एच. जे. फॉस्टर अँड कंपनी स्थापन झाली ती 'ग्लॅक्सो' या बाळाच्या दूधभुकटीच्या वितरणासाठी. डब्यांवरची गुटगुटीत बाळं आयांच्या मनात भरली. पण बाटलीचे कोपरे आणि रबरी बूच घासायला अवघड. पाणी स्वच्छ नसेल आणि भुकटी पुरवून पुरवून वापरली तर बाळाच्या वाट्याला जुलाब आणि कुपोषणच यायचं. १९८१ साली जागतिक पातळीवर या विक्रीसाठी आचारसंहिता ठरली. १९९१च्या डिसेंबरात आपल्याच वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९९२ साली संसदेनं कायदा केला. दूधभुकटी आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी आली.

आणि गंमत पाहा, या सगळ्यात बोंडलं मात्र परत आलं! अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाटली ओढता येत नाही. त्यांना आईचं काढलेलं दूध पाजायला देशातल्या अनेक रुग्णालयांत पालाडै वापरतात, म्हणजे आपल्या बोंडल्याची सख्खी बहीण. उघडं भांडं, एकही कोपरा नाही, उकळायला सोपं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाटली, कप आणि पालाडै यांची तुलना झाली, तेव्हा पालाडै सरस ठरली. फक्त ते स्टीलचं हवं आणि पाजणारा हात सबुरीचा हवा.

तेव्हा नातीसाठी आम्ही काय ठरवलं ते सांगतो. स्टीलची पसरट वाटी, छोटा मऊ कडेचा चमचा आणि पाण्यासाठी उघड्या तोंडाचा लहान पेला. सुरुवातीला सांडेल, कपडे भिजतील, भिजू देत. झाकणाचे आणि नळीचे कप प्रवासापुरते, आणि तेही घासता येतील असेच. भरवण्याआधी हात साबणानं धुवायचे. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. चांदीची वाटी उष्टावणाच्या दिवशी मामाच्या हाती, त्यानंतर सणासुदीला.

हे सगळं आज सांगायचं कारण, पितळ आणि तांबं पुन्हा फॅशनमध्ये आलं आहे. "जुनं ते सोनं" म्हणून हौसेनं पितळेची पातेली घेणारी तरुण जोडपी मी बाजारात पाहतो. घ्या, जरूर घ्या. पण आत कल्हई आहे का ते बघा, उडाली तर पुन्हा करून घ्या. आणि घरात तान्हं असेल तर त्याचं दूध त्यात तापवू नका, ठेवू नका. कप कुठला घ्यावा यावर आपण आठ दिवस खल करतो. त्या कपात येणारं दूध आधी कुठल्या भांड्यातून आलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बराच वेळ त्या पातेल्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आईचं काही चुकलं नव्हतं म्हण की."

नव्हतंच चुकलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आपल्याला आता सांगितलं गेलं आहे.