कल्याण-डोंबिवलीपेक्षा छोटा देश

तारीख पक्की लक्षात आहे, ३१ जुलै २०२१. शनिवार. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दुपारी सिंधूची सेमीफायनल होती, म्हणून जेवणं उरकून टीव्ही लावून बसलो होतो. मामेबहीण आली होती. मॅचला वेळ होता, म्हणून चॅनल फिरवता फिरवता एका हिरव्यागार मैदानावर थांबलो. लंबुळका चेंडू घेऊन मुली जीव तोडून पळत होत्या आणि दुसऱ्या मुली त्यांना धरून धाडकन खाली पाडत होत्या. फिजी विरुद्ध ब्रिटन, महिला रग्बी सेव्हन्स, ब्राँझची मॅच.

मला नियम ओ की ठो कळत नव्हते. बहीण दहावीपर्यंत कबड्डी खेळायची. ती मात्र दोन मिनिटांत म्हणाली, "अरे दादा, ही तर मांडीपकड आहे! आणि ती बघ, पकड सुटली." पुढचा सगळा वेळ ती मला समजावत होती. फिजी २१-१२ ने जिंकलं. नंतर सिंधू हरली (दुसऱ्या दिवशी ब्राँझ मिळवलंच तिने), पण माझ्या डोक्यात फिजीच राहिलं.

रात्री बसून वाचत सुटलो. पहिला धक्का लोकसंख्येचा. २०१७ च्या जनगणनेत अख्ख्या फिजीची लोकसंख्या ८ लाख ८५ हजारांच्या आसपास. आमची कल्याण-डोंबिवली महापालिका २०११ लाच साडेबारा लाखांच्या घरात होती! ठाणे शहर तर अठरा लाखांच्या पुढे. म्हणजे सकाळी आठची फास्ट पकडायला जेवढी जनता धडपडते, त्याहून छोट्या देशातल्या बारा-तेरा मुलींनी ब्रिटनला हरवून पदक नेलं.

थोडं खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नेहमीच्या रग्बीत एका बाजूला १५ खेळाडू आणि मॅच ८० मिनिटांची. सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच, पण खेळाडू सातच आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, बाजूला नाहीतर मागेच द्यायचा. पलीकडच्या रेषेपार जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', ५ गुण. मग गोलखांबांमधून किक मारली की आणखी २. म्हणजे २१ झाले तीन ट्राय, तिन्ही किकसकट. (हिशेब केल्याशिवाय आम्हा इंजिनियर लोकांना चैन पडत नाही.) चौदा मिनिटांचा खेळ, पण एवढ्या मोठ्या मैदानावर सातच जण असल्यामुळे एक पकड सुटली की समोर सगळं रान मोकळं.

आता इतिहासाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. फिजी, रग्बी आणि आपण, तिघांची गाठ पडते ती कलकत्त्यात! १८७३ मध्ये तिथल्या ब्रिटिशांनी रग्बी क्लब काढला. चारेक वर्षांत उत्साह ओसरला, आणि १८७८ मध्ये क्लब बंद करताना बँकेतले शिल्लक २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक बनवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. तो इंग्लंडला पाठवून दिला. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी भांडतात. त्यासाठीचा पहिला सामना १० मार्च १८७९ ला एडिंबरोत झाला.

नेमक्या त्याच दिवशी 'लिओनिडास' नावाचं एक जहाज समुद्रात होतं. तेही कलकत्त्याहूनच निघालेलं. त्यात चारशेच्या वर गिरमिटिया मजूर होते, आणि १४ मे १८७९ ला ते फिजीला लागलं. १९१६ पर्यंत साधारण साठ हजार माणसं अशीच उसाच्या मळ्यांवर नेली गेली. एकाच बंदरातून चांदी एका दिशेला गेली आणि माणसं दुसऱ्या दिशेला. त्यांचे वंशज आजही फिजीत आहेत, पण रग्बी हा तिथे मुख्यतः मूळच्या फिजियन लोकांचा खेळ राहिला.

मुंबईत काय झालं? १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, आणि अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ पासून आहे. सीएसएमटीला उतरून थोडं चाललं की ते मैदान. पण इंग्रजांच्या काळात जिमखान्याचं सभासदत्व गोऱ्यांपुरतं होतं. आपला माणूस तिथे असायचा तो ट्रे घेऊन. बायकांनी हा खेळ खेळणं तर सोडूनच द्या. म्हणजे रग्बी आपल्याकडे दीडशे वर्षं आहे, पण मुलींच्या वाट्याला आला तो २००९ मध्ये. त्या वर्षी भारतीय मुली पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सेव्हन्स खेळल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये कोपनहेगनला ऑलिम्पिक समितीने सेव्हन्स २०१६ च्या खेळांत घेतलं, पुरुष आणि महिला दोन्ही. माझ्या मते जगभरात मुलींच्या रग्बीला पैसा आणि मैदान मिळालं त्याचं मोठं कारण हा निर्णय. पदक दिसलं की संघटनांना मुली दिसतात, असं माझं जरा कडवट मत आहे.

फिजीतसुद्धा सगळं गोडगोड नव्हतंच. रिओत २०१६ ला पुरुषांनी देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आणलं. देश इतका वेडा झाला की रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये चक्क सात डॉलरची नोट काढली! त्याच रिओत मुली उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनकडून २६-७ अशा हरल्या आणि आठव्या आल्या. त्यांच्यापैकी कित्येकींना 'हा बायकांचा खेळ नाही' हे घरातच ऐकावं लागलेलं. ओळखीचं वाटतंय ना?

मग आलं टोकियो. कोरोनामुळे विमानं बंद, म्हणून फिजीचे खेळाडू गोठवलेले मासे नेणाऱ्या मालवाहू विमानातून जपानला गेले. कॅप्टन रुसिला नागासाऊच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत रिओच्या विजेत्या ऑस्ट्रेलियाला १४-१२ ने घरी पाठवलं. सेमीफायनलला न्यूझीलंडला जादा वेळेत ढकललं, २२-१७ ने हरल्या. आणि ब्राँझसाठी समोर कोण? पुन्हा ब्रिटन! पाच वर्षांपूर्वीच्या २६-७ चं उत्तर २१-१२. फिजीच्या महिलांचं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. हे वाचलं तेव्हा कळलं की बहीण आणि मी दुपारी नक्की काय पाहिलं होतं.

आपल्या मुलींचीही एक गोष्ट आहे, फारशा कुणाला माहीत नसलेली. २०१८ मध्ये भारताच्या महिला संघाने १५ जणींच्या रग्बीत पहिलं आंतरराष्ट्रीय पाऊल टाकलं. जून २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये सिंगापूरला २१-१९ ने हरवून पहिला विजय मिळवला. शेवटच्या काही मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टीची किक खांबांमधून घातली, ट्राय मारणारी स्वीटी कुमारी बिहारची, आणि कॅप्टन होती आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. म्हणजे लोकांचे गुडघे नीट करायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे पणाला लावायचे! त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये पुरुषांचा क्रिकेट वर्ल्डकप चालू होता. मीही तोच बघत होतो, उगाच शहाणपणा कशाला दाखवू.

फिजीच्या मुलींनी २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. २०२४ ला पॅरिसमध्ये मात्र सगळे सामने हरल्या, बाराव्या आल्या. खेळच तो, चौदा मिनिटांत काहीही होतं.

मागच्या महिन्यात बहीण आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. तिची कबड्डी दहावीच्या क्लासमुळे सुटली, ती सुटलीच. त्या वेळी घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही. ती ऐकत होती, मग म्हणाली, "सावळाराम महाराज क्रीडा संकुलात रग्बी चालेल का रे? मैदान तर मोठं आहे." मी म्हटलं, विचारून बघतो. "तू नको," ती म्हणाली, "मी विचारते."