उष्णोदक-तापनातील नियामक झडप : अचूकपणा, स्थैर्य आणि काटकसर यांचा इतिहास

थंड हवेच्या देशांत तापविलेले पाणी नळांतून खेळवून घरे ऊबदार ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या पद्धतीत पाण्याचा ओघ कमीअधिक करणारी जी झडप असते, तिचा इतिहास बहुधा एकाच चालीने सांगितला जातो : आरंभीची साधने ओबडधोबड, नंतरची अधिक अचूक, आणि आजची सर्वांत अचूक. ही मांडणी सोयीची असली तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही. अचूकपणा, स्थैर्य आणि इंधनाची काटकसर या तीन अपेक्षा एकाच वेळी जन्माला आलेल्या नाहीत. त्या निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांतून उद्भवल्या, आणि त्यांतील एक पुरी करू जाता दुसरीला बाध येतो हे ध्यानी यावयास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

आरंभ घराच्या उबेपासून झालेला नाही, तो कोंबडीच्या अंड्यापासून झाला आहे. हॉलंडमधील आल्कमार येथे १५७२ साली जन्मलेला आणि पुढे इंग्लंडच्या राजाश्रयास गेलेला कॉर्नेलिस द्रेबेल याने अंडी उबविण्याची एक पेटी सिद्ध केली होती. तिच्या दुहेरी भिंतींत पाणी असे व खाली विस्तव असे. आत मद्यार्क व पारा भरलेले काचेचे पात्र ठेवलेले असे. उष्णता वाढली की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर चढे, आणि त्यावर टेकलेली काडी धुराड्यावरील झाकण लोटून विस्तवाचा श्वास कोंडी. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. फॅरेनहाइटची तापमापन-श्रेणी १७२४ सालची. म्हणजे द्रेबेलच्या मृत्यूनंतर सुमारे नऊ दशकांनी आलेली. पेटीत किती अंश उष्णता आहे हे सांगण्यास त्याच्यापाशी मान्य असे परिमाणच नव्हते. आहे ती ऊब ढळू नये, एवढेच तो साधू शकत होता. आकड्याशी ताडून पाहावयाचा अचूकपणा हा विचार मागाहूनचा. स्थैर्याचा त्याच्या कितीतरी आधीचा.

फ्रान्समधील बोनमॅं याने १७८३ साली ज्या उपकरणाचे पेटंट घेतले, तेही अंडी उबविण्यासाठीच होते. परंतु त्यात पाणी नळांतून फिरू लागले. तापलेले पाणी हलके होऊन वर जाई, निवालेले जड होऊन बंबाकडे परते. पंपाची आवश्यकता नसे. बंबात शिशाच्या नळीत लोखंडी कांब बसविलेली होती. शिसे लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते, आणि या दोहोंतील फरकाने भट्टीच्या हवेचे दार हळूहळू मिटे वा उघडे. दार एकदम पूर्ण उघडणे अथवा पूर्ण मिटणे असा प्रकार त्यात नव्हता. उष्णता जितकी ढळेल तितकेच दार सरके. या मवाळपणाचे महत्त्व तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही.

अशा साधनाला नाव मिळाले ते १८३० साली. ग्लासगोत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने भिन्न धातूंच्या जोडपट्टीवर चालणारा नियामक रचला आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ म्हटले. शब्द ग्रीकवरून घडविलेला आहे. त्यातील ‘थेर्मोस्’ हा संस्कृत ‘घर्म’ याचा सगोत्र असून मराठी ‘घाम’ त्याच ‘घर्मा’चा वंशज होय, ‘स्तातोस्’ हा ‘स्थित’ याचा भाऊबंद. तेव्हा शब्दशः पाहता थर्मोस्टॅट म्हणजे ‘घर्मस्थित’. नावाने स्थैर्याची ग्वाही दिली खरी. पण ते स्थैर्य कशावर अवलंबून असते, याचा उलगडा तापनविद्येत झालाच नाही.

तो झाला वाफेच्या यंत्रांत आणि वेधशाळेत. वॉटने १७८८ साली आपल्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. पुढे यंत्रांची घडण सुधारली, घर्षण कमी झाले, आणि विपरीत असे की तेच नियामक हेलकावे घेऊ लागले. ग्रीनिचचा राजज्योतिषी एअरी याने दुर्बीण फिरविणाऱ्या यंत्रातील अशाच बेबंद हेलकाव्यांची गणिती मीमांसा १८४० साली मांडली. १८६८ मध्ये मॅक्सवेलने नियामकांवरील आपल्या निबंधात दोन जाती वेगळ्या केल्या. पहिली, चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारी. तिच्यात थोडी चूक कायमची शिल्लक राहते. दुसरी, चूक उरली आहे तोवर दुरुस्ती वाढवीत जाणारी. ती चूक निःशेष करते. पहिलीला त्याने ‘मॉडरेटर’ असे म्हटले, खऱ्या अर्थाने ‘गव्हर्नर’ हे नाव दुसरीसाठी राखले. ‘गव्हर्नर’ हा शब्द ग्रीक ‘कुबेर्नेतेस्’ म्हणजे सुकाणूधारी यावरून लॅटिनमार्गे आला आहे, आणि याच निबंधाचे स्मरण ठेवून नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले.

चूक निःशेष करणारा नियामक श्रेष्ठ, असे यावरून सहज वाटते. परंतु पाण्याने तापविलेल्या खोलीत दुरुस्तीचा परिणाम तत्काळ दिसत नाही. पाणी नळांतून येणार, रेडिएटरचे लोखंड तापणार, मग हवा, मग भिंती. तोवर अधीर नियामक झडप उघडीतच राहतो, आणि ऊब पोहोचते तेव्हा ती गरजेपेक्षा अधिक झालेली असते. मग झडप मिटते आणि काही वेळाने खोली गारठते. झीगलर व निकोल्स यांनी १९४२ साली जो व्यवहारी नियम दिला तो बोलका आहे : प्रमाणशीर नियामकाची तीव्रता वाढवीत न्यावी, अखंड हेलकावे सुरू होतील ती मर्यादा पाहावी, आणि तिच्या निम्म्यावर थांबावे.

या तिन्ही अपेक्षांची खरी गाठ पडते ती झडपेच्या आकारात. रेडिएटरमधील ओघ निम्मा केला तर उष्णताही निम्मी होईल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात नेहमीच्या योजनेत ती सुमारे ऐंशी टक्के उरते. म्हणजे झडप मिटत आली असता दांड्याची किंचित हालचालही मोठा फरक घडविते, आणि हेलकावे तेथेच उद्भवतात. यावर उपाय म्हणून झडपेतील खुंटीला असा घाट देतात की दांडा समान अंतराने उचलला असता ओघ दर वेळी पूर्वीच्या समान टक्क्यांनी वाढावा. एक वक्रता दुसरीला छेद देते. पण हा घाट टिकतो केव्हा? झडप पूर्ण उघडी असताना मंडलातील एकंदर दाबाचा पुरेसा वाटा तिच्यावर पडत असेल तेव्हाच. वाटा लहान असला तर झडप बरीचशी मिटेपर्यंत ओघावर तिचा प्रभावच पडत नाही. वाटा मोठा ठेवावा, तर तो दाब पंपाला पुरवावा लागतो, आणि पंपाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्थैर्यासाठी द्यावयाची ही किंमत विजेच्या देयकात दिसते. जुन्या अभियंत्यांनी गरजेपेक्षा मोठ्या झडपा बसविल्या त्या काटकसरीच्या व सुरक्षिततेच्या समजुतीने. त्यातून काटकसरही साधली नाही आणि स्थैर्यही गेले.

या पार्श्वभूमीवर डेन्मार्कमधील डॅनफॉस या कारखान्याचा संस्थापक मॅड्स क्लाउसेन याने १९४३ साली सिद्ध केलेल्या रेडिएटर-झडपेकडे पाहावयास हवे. तिला वीज लागत नाही. डोक्यातील भाता खोलीच्या उबेने फुगतो व झडप मिटवितो. निवाला की आकुंचतो आणि स्प्रिंग ती उघडते. ही मॅक्सवेलच्या पहिल्या जातीची झडप होय. खोली ठरविलेल्या तापमानाच्या थोडी खाली गेल्याविना ती उघडतच नाही. अशा झडपांच्या युरोपीय प्रमाणात तर झडप मिटण्याच्या तापमानाहून दोन अंश खालीच नाममात्र ओघ मोजतात. इतिहासकार तिला प्राथमिक साधन समजून पुढे जातात. हा अन्याय आहे. ती दोन अंशांची चूक निर्मात्याचे अज्ञान नव्हे. तिच्याच बळावर ही झडप मंदगती पाण्याच्या संगतीत शांत राहते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर काटकसर ही राष्ट्रीय गरज बनली, आणि आयात तेलावर विसंबणाऱ्या डेन्मार्कसारख्या देशांत अशा झडपांचे महत्त्व वाढले. मात्र वापरणारा तिला तोटी समजला. डोक्यावरील १ ते ५ हे आकडे तापमानाचे आहेत, ३ म्हणजे सुमारे वीस अंश, हे न कळल्याने गारठलेला मनुष्य खोली लवकर तापावी म्हणून झडप ५ वर नेतो. खोली लवकर तापत नाही. ती अधिक तापते, आणि मग तो खिडकी उघडतो. आकडा हे चिन्ह ओघाचे की इष्ट अवस्थेचे, एवढ्या अर्थभेदावर पुष्कळ इंधन खर्ची पडले आहे.

आजच्या विद्युत-झडपांत सूक्ष्म गणक असतो, आणि उरलेली चूक निःशेष करण्याची मॅक्सवेलची दुसरी रीत त्याला सहज साधते. परंतु मोटर दर क्षणी हलविली तर घटमाला लवकर संपते आणि खुंटी झिजते. म्हणून तापमान इष्ट बिंदूपासून अल्पसे ढळले असता काहीच करू नये, असे त्या गणकाला मुद्दाम शिकविलेले असते.