रमण्याच्या दारातून शाळेच्या दारात

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ रमणा गणपती आहे. देवळात जाणाऱ्या अनेकांना आज ‘रमणा’ या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. रमणा म्हणजे कुंपण घातलेले मोठे आवार. पेशवाईत श्रावण लागला की काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण इथे जमत. त्यांना एकदा आत घेतले की आवार भरून जाई, आणि बाहेर सोडताना दारातच प्रत्येकाच्या हातावर दक्षिणा पडे. खुद्द पेशवेही एखाद्या दारावर बसून दक्षिणा वाटत. नामांकित शास्त्री-पंडितांची तऱ्हा वेगळी होती. त्यांची विद्वत्ता पारखून, दर्जा ठरवून त्यांना मोठ्या रकमा दिल्या जात.

ही प्रथा मुळात पेशव्यांची नव्हे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी ती सुरू केली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पडला आणि पुढे हा दानाचा मान पुण्याकडे आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत खर्च लाखांच्या घरात गेला होता. हा पैसा येई राज्याच्या खजिन्यातून, आणि खजिना भरे शेतसाऱ्यातून. नांगर धरणारा कुणबी दक्षिणा भरत होता, पण रमण्यात शिरण्याचा हक्क त्याला नव्हता. पुढच्या दीडशे वर्षांत या पैशावरून जे वाद झाले, त्या सगळ्यांच्या बुडाशी हीच गोष्ट आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दक्षिणा एकदम बंद केली तर पुणे बिथरेल, हे इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पुरते कळत होते. त्याने दक्षिणेसाठी वर्षाला ५०,००० रुपये राखून ठेवले, पण खैरातीऐवजी हा पैसा विद्येकडे वळवावा असे धोरण धरले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जुन्या मानकऱ्यांची दक्षिणा ते हयात असेपर्यंत चालू ठेवायची आणि मागाहून नवे नेमायचे नाहीत, असे हळूहळू ठरत गेले. मानकरी कमी होत गेले तशी रक्कम शिल्लक पडू लागली. पाठशाळेत शिकणारे आणि शिकवणारे मात्र ब्राह्मणच राहिले.

त्या शिलकीचे काय करायचे, यावर १८४९ साली पुण्यात खडाजंगी झाली. गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, तेव्हा पंचविशीतले होते. ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची शतपत्रे निघत होती आणि त्यांत ब्राह्मणांच्या घोकंपट्टीवर ते आसूड ओढत होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्ज केला: शिल्लक पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, आणि ती कोणत्याही जातीच्या माणसाला मिळावीत. सनातनी मंडळी चवताळली. अर्जदारांना मारहाण होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. सही करणारे बहुतेक ब्राह्मण, आणि त्यांना राखायला आलेला माणूस माळी. पुण्याच्या इतिहासातले हे दृश्य खरे तर शाळेच्या पुस्तकात असायला हवे.

अर्जाचा उपयोग झाला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. आता शास्त्र्यांबरोबर मराठी ग्रंथकारालाही या पैशावर हक्क सांगता येऊ लागला.

याच वर्षी फुल्यांच्या मुलींच्या शाळा जोमाने वाढत होत्या. भिडे वाड्यातली १८४८ ची सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. पण १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत, अशा पाठोपाठ शाळा निघाल्या. शाळा काढणे एक आणि महिन्याच्या महिन्याला चालवणे दुसरे. जागा, पाट्या, पुस्तके, पंतोजींचा पगार, सगळ्याला रोकड लागते. वर्गणी आली तर आली. अशा वेळी दक्षिणा फंडातून मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. रक्कम मोठी नव्हे, पण ती कुठून आली ते पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. ज्या दानासाठी रमण्याची दारे फक्त ब्राह्मण पुरुषांना उघडत, त्याच दानातून आता माळ्याने काढलेल्या शाळेत मुली मुळाक्षरे गिरवू लागल्या.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. शालजोडी त्यांच्या अंगावर घातली ती मेजर थॉमस कँडी यांनी. मराठीत विरामचिन्हे रुजवणारे आणि मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे ते हेच कँडी. सत्काराचा वाडा तोच होता, जिथे तीस वर्षांपूर्वी पाठशाळा भरू लागली तेव्हा जोतीरावांच्या जातीच्या मुलाला उंबरठा ओलांडता आला नसता. पुढच्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि ती बघायला पुण्यात हजारोंची गर्दी लोटली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता नावाच्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. ती मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. महार-मांगांच्या वाट्याला आलेल्या दुःखांवरचा तिचा निबंध आजही अंगावर काटा आणतो. शिक्षणाचा पैसा योग्य ठिकाणी गेला की काय होते, याचा याहून सज्जड पुरावा त्या काळात क्वचितच सापडेल.

पण पैसा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्यांच्या खुर्च्या कुणाकडे होत्या, हा प्रश्न उरतोच. मुक्ताचा निबंध छापला त्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. त्याची हकिगत फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त सांगितली आहे: कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. ‘बक्षीस सर्व जातींना खुले’ हे कागदावर आले, तरी हस्तलिखित वाचणारे डोळे जुनेच होते.

पुढे या निधीचा ओघ हळूहळू उच्च शिक्षणाकडे वळला. कॉलेजांत दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या. गोपाळ गणेश आगरकरांसारख्या गरीब घरच्या हुशार मुलाला डेक्कन कॉलेजात या फेलोशिपचा आधार मिळाला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र खेड्यातल्या पहिलीच्या वर्गापर्यंत त्यातले काही झिरपत नव्हते.

हाच मुद्दा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे मांडला. निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामाचे, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर, हा त्यांचा आक्षेप होता. तक्रारीवर ते थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. लोकल फंडातला निदान निम्मा पैसा प्राथमिक शाळांनाच द्यावा. शिक्षक शेतकरी समाजातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील. प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे धडे हवेत. ज्या जातींत शिक्षण पोचलेच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या बाजूला ठेवाव्यात. शिष्यवृत्तीतली ही वाटणी त्यांनी सुचवली तेव्हा ‘राखीव जागा’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

कमिटीने परत केलेल्या त्या नाटकात गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा आहेत. जोशीबुवा ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडतो. शेवटी दोघांचे डोळे उघडतात आणि ते ठरवतात, फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला जायचे. ‘तृतीय रत्न’ प्रथम छापून निघाले १९७९ साली.