शिजण्याआधीची मूठ

लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४ साली मिझो डोंगरांत पोहोचले. १९१०च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती बायकांनी ‘बुहफाई थाम’ सुरू केलं: भातासाठी तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. गोळा झालेले तांदूळ विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला जाई. मला यातला क्रम मोलाचा वाटतो. वाटा उरलेल्यातून नव्हे, शिजण्याआधीच निघे. म्हणून रोकड नसलेलं घरही दाता ठरलं. पैसा धर्मप्रसाराला गेला, मग ही सेवा कसली, असं कुणी विचारेल. पण ख्रिस्ताची शुभवार्ता हेच ज्यांना सर्वांत मोठं देणं वाटत होतं, त्यांना ती पुढच्या गावी पोहोचवणं सेवाच वाटणार. दुसरा आक्षेप जास्त टोचतो: मूठ बायकांची, चर्चचे निर्णय मात्र बराच काळ पुरुषांचे. तो मान्यच करायला हवा. तरी चुलीपाशी मूठ किती भरायची, हे घरच्या बाईचीच बोटं ठरवत.