झोपेवर पहारा देणाऱ्या कॅमेऱ्याची कुळकथा

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. त्यांच्यासाठी कोळसा रेल्वेने येतो आणि रस्त्यानेही. जळून उरलेल्या राखेचा काही भाग ट्रक-टिपरमधून बाहेर पडतो. कोळशाची रेक ओढणाऱ्या विद्युत इंजिनात लोको पायलट जागा आहे की नाही हे तपासणारे यंत्र असते. ठरावीक वेळात त्याने कोणतेच नियंत्रण हलवले नाही, तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही हालचाल झाली नाही तर ब्रेक लागतात. तोच कोळसा ट्रकमध्ये चढला की चालकाला जागे ठेवण्याचे काम बहुतेक वेळा चहा, तंबाखू आणि क्लीनरच्या गप्पा यांच्यावर येऊन पडते. चालकावर नजर ठेवणाऱ्या तंत्राचा इतिहास पाहिला, तर हा फरक सक्तीने घडवलेला आहे हे लक्षात येते. जिथे नियमाने किंवा मालकाने अट घातली, तिथे हे तंत्र पोचले. बाकी ठिकाणी ते जाहिरातीत राहिले. हे तंत्र विकणाऱ्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच.

या तंत्राचा पाया एका मोजमापात आहे. झोप येऊ लागलेल्या माणसाच्या पापण्या हळू मिटतात आणि जास्त वेळ मिटलेल्या राहतात. 1994 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकचे वॉल्टर विअरविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पर्क्लोस’ हे माप मांडले: ठरावीक काळात डोळे 80 टक्क्यांहून अधिक मिटलेले असण्याचे प्रमाण. आजचा कॅमेरा हेच पाहतो. स्टिअरिंगजवळचे छोटे दिवे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चेहऱ्यावर टाकतात, म्हणून रात्रीही आणि बहुतेक गॉगलमधूनही पापणी टिपता येते. ताशी 80 किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे 67 मीटर बेवारस धावणारी गाडी. इशारा त्याआधी मिळण्यातच या यंत्राचा अर्थ आहे.

मोजमाप सापडले, तरी बाजार लगेच सापडला नाही. स्वीडनची स्मार्ट आय 1999 मध्ये स्थापन झाली, तर ऑस्ट्रेलियाची सीइंग मशीन्स 2000 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधनातून निघाली. टोयोटाने 2006 मध्ये चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा आपल्या महागड्या लेक्सस गाड्यांत बसवला. मर्सिडीजने 2009 मध्ये कॅमेऱ्याऐवजी स्टिअरिंगच्या हालचालींवरून थकवा ओळखण्याची सोय दिली. पण गाडी घेणारा माणूस स्वतःच्या पेंगण्यावर उपाय म्हणून जादा पैसे मोजत नाही. आपण पेंगणार नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. खरे गिऱ्हाईक निघाले खाणमालक. शेकडो टनांचा डंपर उलटला तर जीव जातो, यंत्र जाते आणि खाण थांबते. म्हणून 2013 मध्ये कॅटरपिलरने सीइंग मशीन्सशी करार केला आणि थकवा ओळखणारा कॅमेरा डंपरच्या केबिनमध्ये पोचला.

त्यानंतर कायदा आला. युरोपीय संघाने 2019 च्या नियमाने सुस्तीची सूचना देणारी यंत्रणा नव्या मॉडेल्सना जुलै 2022 पासून आणि सर्व नव्या गाड्यांना जुलै 2024 पासून सक्तीची केली. मात्र ही अट स्टिअरिंगच्या हालचालींवरूनही पुरी करता येत होती. कॅमेऱ्याची खरी गरज पडते ती लक्ष विचलित झाल्याची सूचना देण्यासाठी, आणि त्या सक्तीच्या तारखा दोन वर्षे पुढच्या ठरल्या. स्मार्ट आय आणि सीइंग मशीन्स या दोन्ही कंपन्यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसला, त्यामागे असे बारकावेही आहेत. नियमाचे शीर्षक वाचून शेअर घेणाऱ्याने त्यातला तपशील वाचला नाही, तर तंत्र चांगले असूनही पैसा अडकून पडतो.

आपल्याकडे नागपुरात सप्टेंबर 2021 मध्ये ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि महापालिका यांनी मिळून शहर बसमध्ये टकरीचा इशारा देणारी उपकरणे बसवली. अपघात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट होते. त्या उपकरणांची नजर मुख्यतः समोरच्या रस्त्यावर होती. आता सरळसोट, एकसुरी असा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपुरातूनच सुटतो, तेव्हा चालकाच्या डोळ्यांकडे पाहणेही तितकेच निकडीचे आहे. केंद्राने 2025 मध्ये मोठ्या बस-ट्रकना सुस्तीची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. त्याच वर्षी, ताफ्यांच्या मालकांना अशी सेवा विकणाऱ्या बंगळूरू आणि सॅन डिएगोच्या नेट्राडाइनने 9 कोटी डॉलर उभे केले.

यावर पहिला आक्षेप पाळतीचा आहे, आणि तो रास्त आहे. केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण असते, अनेकदा झोपण्याचेही. म्हणून चित्रण गाडीतच तपासून पुसले जावे, बाहेर जावी ती फक्त इशाऱ्याची नोंद. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: कॅमेरा झोप देत नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ठरवले होते. फेऱ्यांवर पैसे मिळणाऱ्या चालकाला ते तास परवडतच नाहीत. हे खरेच आहे. पण आजवर थकव्याचा पुरावा कुठेच उरत नव्हता. अपघातानंतर दोष चालकाच्या माथी मारून प्रकरण मिटत असे. पहाटे चारला एकाच गाडीने पाच इशारे दिल्याची नोंद असेल, तर ती फेरी लावणाऱ्यालाही जाब विचारता येतो. तिसरा आक्षेप असा की हे उपकरण स्वस्त होत जाईल आणि नफा आटेल. नुसता कॅमेरा विकणाऱ्यांचे तसे होईलही. नोंद, प्रशिक्षण आणि देखभाल यांची वर्षभर सेवा देणाऱ्यांचे उत्पन्न टिकण्याची शक्यता जास्त आहे.

म्हणून गुंतवणूकदाराने तीन गोष्टी तपासाव्यात: मागणीमागे कोणता नियम आहे, उत्पन्न एकदाच येते की दरवर्षी, आणि इशाऱ्यानंतर चालकाला थांबू देणारा मालक ग्राहक आहे का. शिवाय सक्ती दिल्लीतूनच यावी असे नाही. ती निविदेच्या अटीतूनही येते. कोराडीचे केंद्र चालवणारी महानिर्मिती आणि नागपुरातच मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीने कोळसा-राख वाहतुकीच्या प्रत्येक कंत्राटात हा कॅमेरा आणि चालकाची सक्तीची विश्रांती या दोन अटी एकत्र घालाव्यात. त्यासाठी केंद्राच्या अंतिम अधिसूचनेची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.